गौतमीच्या झोपेच्या जागेचा मुआयना

जागा शोधणं हे रामकिशन सोनकांबळेचं कामच होतं. ते त्याला जमत होतं असं नाही, पण होतं त्याच्याकडेच.

लातूरचा जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर चाळीस-पन्नास खाती एकदम गावात उतरली आणि प्रत्येकाला बूड टेकायला जागा पाहिजे झाली. कुणी गोदामात बसलं, कुणी धर्मशाळेत. रामकिशन टेप घेऊन हिंडायचा, जागा मोजायचा आणि खिशातल्या वहीत मुआयना लिहायचा. हा शब्द निजामाच्या वेळचा. ऑफिसातले जुने कारकून अजून तोच वापरत. रामकिशनला तो फार आवडायचा. पाहणी म्हटलं की नुसतं पाहून आल्यासारखं वाटतं. मुआयना म्हटलं की मिशीला पीळ दिल्यासारखं वाटतं.

त्याचा एक मुआयना अख्ख्या ऑफिसला पाठ होता. एका खात्यासाठी त्यानं गावाबाहेरचं मोकळं मैदान पास केलं. लांबी बघितली, रुंदी बघितली, उतार बघितला, रस्ता किती लांब तेही बघितलं. हे सगळं त्यानं मंगळवारी बघितलं. शनिवारी त्या खात्याचे साहेब जीपमधून उतरले, तर मैदानावर दीडशे बैल उभे. जनावरांचा बाजार तिथंच भरायचा, साहेबांच्या आजोबांच्या जन्माआधीपासून. तेव्हापासून रामकिशन कुठंही निघाला की कुणीतरी मागून विचारायचं, "सोनकांबळे, बैलांना विचारलं का?"

ही गोष्ट आधीच सांगून ठेवली, कारण पुढं ती पुन्हा येणार आहे. फक्त बैल नसतील.

*

मे महिना. आदल्या साली पाऊस अर्ध्यात उठून गेला होता. नळानं तर कधीच मान टाकली होती. गल्लीत तीन दिवसांआड टँकर यायचा. म्हणून रामकिशनच्या पत्र्याच्या खोलीत माणूस एक आणि भांडी सतरा. दोन पिपं, पाच घागरी, भगुणी, डबे, एक गंगाळ, आणि कुठूनसा आलेला रंगाचा रिकामा डबा, ज्यातल्या पाण्याला अजून निळी झाक होती. या भांड्यांच्या मधून रामकिशन रात्री अंग चोरून झोपायचा.

त्या खोलीच्या उंबऱ्यावर गुरुवारी दुपारी त्याची सासू भामाबाई येऊन उभी राहिली. पाठीमागं त्याची बायको पंचफुला, तिच्या कडेला सव्वा महिन्याची गौतमी. बाळंतपण माहेरी नायगावला झालं होतं. जन्मल्यापासून आजपर्यंत बापानं लेकीला सगळे मिळून तीन दिवस पाहिलं होतं. बाकी रजा नव्या जिल्ह्यानं खाल्ली.

भामाबाई आत आली नाही. तिनं पिपं बघितली, घागरी बघितल्या, वर तापलेला पत्रा बघितला.

"जावाई," ती म्हणाली, "लेकरू कुठं निजवायचं?"

रामकिशननं खोलीभर नजर फिरवली. पन्नास खात्यांना जागा देणाऱ्या माणसाला एवढ्याशा प्रश्नानं घाम फुटला.

"बघतो ना, मामी."

"आजपासून बघणार? सव्वा महिना काय करून राहिलात?" भामाबाईनं पदर खोचला. "आईका. आयतवारच्या साडेचारच्या नांदेड गाडीनं मी जाणार. लेकराला जागा दिसली तर एकली जाईन. न्हाई दिसली तर तिघी जाऊ. पाऊस पडस्तोवर."

"पाऊस कधी पडेल?"

"ते तुमचा कलेक्टर सांगंल."

रामकिशननं पंचफुलाकडं बघितलं. ती आत आली, दोन घागरींच्या मधे फूटभर जागा होती तिथं बसली, आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मला न्हाई जायचं. तेवढी जागा बघा."

त्यानं वही काढली.

*

*जागा क्र. १. बाज.*
*वर हवा लागते. विंचवाला चढायला चार पाय आहेत. सुंभ सैल.*

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी रामकिशन नगरपालिकेच्या दवाखान्यात गेला. तिथल्या रुद्राणी सिस्टरनं त्याचं नीट ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं: लेकराला पाठीवर निजवायचं. खालची जागा सपाट आणि कडक पाहिजे. उशी नको, मऊ गोधड्यांचा ढीग नको, तोंडावर काही पडेल असं आसपास नको. आईनं हात लांबवला की लेकरू हाताला लागलं पाहिजे, पण आईच्या अंगाखाली येता कामा नये.

"सिस्टर, हे निकष लेखी मिळतील का?"

"लेकरू तुमचंच आहे ना?" सिस्टर म्हणाल्या. "मग पाठ करा."

त्यानं ते वहीतच लिहिलं आणि येताना बाजारातून लेकराच्या डोक्याएवढं एक खरबूज घेतलं. प्रयोगाला. त्यानं ते बाजेच्या कडेला ठेवलं. खरबूज गडगडत मधल्या खोलगट भागात गेलं आणि तिथं तोंड खुपसून बसलं. वहीत त्यानं *सैल* शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"मऊ गोधडी टाका की खाली," भामाबाई म्हणाली. "आन् ही मव्हरीची उशी. डोस्कं गोल व्हतं हिनं." ती उशी तिनं नायगावहून खास शिवून आणली होती.

"सिस्टर नको म्हणाल्या, मामी."

"सिस्टरचं डोस्कं बघितलं का तुमी? चपटं असंल."

*

*जागा क्र. २. घरमालकांचा पाळणा.*

घरमालकीण मल्लम्मा उदगीरकडची. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंड गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं. खोली देताना तिनं रामकिशनला जात विचारली नव्हती, फक्त ऑफिस विचारलं होतं. कलेक्टर ऑफिस म्हटल्यावर किल्ली दिली होती. जात तिला पहिल्याच आठवड्यात कळली, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवरून. ती फोटोसमोर उभी राहिली, मग म्हणाली, "खिळा ठोकलास ते सांगून ठोकायचा. दगडी भित्त हाय." बस, तेवढंच.

तिच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, सागवानी पाळणा होता. चार कोपऱ्यांना चार पितळी पोपट. सध्या त्यात वर्षाची चिंच भरून ठेवलेली.

"माझी सात कूसं ह्यातच वाढली," मल्लम्मा म्हणाली. लेकराला ती कूस म्हणायची, तिच्या माहेरच्या कानडीत. "चिंच काढते. घिऊन जा."

रामकिशननं खरबूज पाळण्यात ठेवलं आणि हलकेच झोका दिला. एका झोक्याला खरबूज कडेला गेलं. दुसऱ्या झोक्याला ते गजांच्या मधल्या फटीतून सुळकन बाहेर आलं, मल्लम्माच्या पायाशी पडलं आणि फुटलं.

सात लेकरं या पाळण्यात वाढली कशी, हा प्रश्न मल्लम्माच्याही तोंडावर दिसत होता.

"आमची डोस्की मोठी असतील," ती शेवटी म्हणाली.

खरबूज भामाबाईनं चिरलं. गोड निघालं. वहीत *जागा क्र. २* पुढं अभिप्राय नाही, एक चिकट डाग आहे.

*

*जागा क्र. ४. झोळी.* (क्र. ३ पुढे येईल. तो लिहायच्या अवस्थेत रामकिशन नव्हता.)

पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला पंचफुलाचं जुनं लुगडं बांधून झोळी केली. पंचफुला म्हणाली, लेकरू वाकडं झोपतंय ह्यात, हनुवटी छातीला टेकतीय. रामकिशन म्हणाला, ते बघू. आधी अँगल वजन घेतो का ते बघू. खरबूज खाऊन झालं होतं. तेव्हा तो स्वतःच बसला.

अँगलनं वजन घेतलं. लुगड्यानं घेतलं नाही. रामकिशन खाली आला तो सरळ दोन भरल्या घागरींवर.

पाणी उंबऱ्यातून ओढ्यासारखं अंगणात गेलं. शेजारच्या बाया धावत आल्या. रामकिशनच्या कमरेला लागलं का, हे कुणीही विचारलं नाही. सगळ्या जणी हळहळत त्या वाहत्या पाण्याकडं बघत राहिल्या. एकीनं तर पदर तोंडाला लावला.

"दोन घागरी," भामाबाई म्हणाली. "आमच्याकडं विष्णुपुरीला धरण बांधून राहिलेत, सरकारला येवढी वर्सं लागून राहिली. आन् तुमी एका उडीत नदी काढली."

*

क्र. ३ म्हणजे झोळीच्या आधी बघितलेली जमीन. ती सपाट होती, कडक होती, आणि सतरा भांडी सरकवली तर दोन हात मोकळी होत होती. शुक्रवारी संध्याकाळी रामकिशननं पीप सरकवलं तर मागं विंचू. पिवळा, शेपटी उचललेला, जणू त्या जागेचा सातबारा त्याच्याच नावावर. पंचफुलानं त्याच्यावर चप्पल हाणली. भामाबाई गाठोडं बांधायला लागली.

झोळीही फाटल्यावर तोड मल्लम्मानं काढली. तिच्या घरात एक बुटकं बाकडं होतं, रुंद आणि दणकट. "चार पायाखाली चार वाट्या ठिव. वाट्यांत पाणी. मुंगी येत न्हाई, विंचू येत न्हाई."

*जागा क्र. ५. बाकडे, वाट्यांसह. सपाट. कडक. उंचावर. आईचा हात पोचतो. सर्व निकष पूर्ण* असं लिहून रामकिशननं पेन खिशाला लावलं. शनिवार होता, अर्धा दिवस ऑफिस. दुपारी घरी आला तर उन्हानं दोन वाट्या कोरड्या पडल्या होत्या, तिसरी शेजारची कोंबडी पिऊन गेली होती, आणि चौथीत ती पाय धुऊन राहिली होती.

"परत भरतो," तो म्हणाला.

"कशानं?" भामाबाईनं विचारलं. "दोन घागरी कालच सांडल्या. टँकर उद्या. हितं माणसाला चूळ भरायला पाणी न्हाई, तुमी बाकड्याला पाजून राहिलात. आन् त्याला कड कुठं हाय? उद्या पोरगी वळायला लागली की खाली."

रामकिशननं बाकड्याच्या काठावरून हात फिरवला. कड नव्हतीच.

*जागा क्र. ६* ही नोंद खोडलेली आहे. खोडलेल्या रेघांखालून 'ऑफिसातले माझे टेबल' एवढं वाचता येतं.

*

रविवार उजाडला तेव्हा गाठोडं दारात होतं. वर मोहरीची उशी.

दुपारी तीनच्या सुमाराला खोलीत पत्रा असा तापला की आत भाकरी भाजून निघावी. पंचफुलानं गौतमीला पाजलं आणि तिला घेऊन बाहेर गल्लीतल्या निंबाखाली आली. तिचे डोळे लाल होते. रामकिशन आणि मल्लम्मा तिथंच होते. मल्लम्मा घरातून काहीतरी ओढत आणून राहिली होती.

ती काठवट होती. जत्रेच्या जेवणाला पीठ मळायची, एका ओंडक्यातून कोरलेली. लांब दोन हात, रुंद हातभर, बूड सपाट, कडा चार बोटं उभ्या.

"बघ," मल्लम्मा म्हणाली.

"पीठ मळायची हाय की ही," पंचफुला चाचरली. "आमचं लेकरू तिच्यात..."

"मग? लेकराला शिवून पीठ आंबतंय का काय?" मल्लम्मानं पदरानं काठवट पुसली. "निजव."

रामकिशननं एकच पातळ धडपं ताणून घातलं. पंचफुलानं गौतमीला पाठीवर ठेवलं. गौतमीनं दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूला टाकल्या, एकदा ओठ हलवले आणि झोपली.

रामकिशननं निकष बोटांवर मोजले. सपाट, कडक, कड आहे, तोंड मोकळं. त्यानं सावली टेपनं मोजली. अजून तासभर हलणार नव्हती. वारा होता. त्यानं वहीत लिहिलं: *जागा क्र. ७. काठवट, निंबाखाली. योग्य.* आयुष्यात पहिल्यांदा त्यानं 'योग्य' पुढं 'वाटते' लिहिलं नाही.

जवळच मातीत भगुणी, डबे, घागरी एकामागं एक मांडलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. पण भगुणी त्याच्या निकषांत नव्हती.

"अक्का, पाच मिनिटं बसा इथं. मामीला आणतो."

मल्लम्मा पदरानं वारा घालत बसली. नवरा-बायको आत गेले. पण भामाबाई उठेना. पीठ मळायच्या भांड्यात नात? नायगावात कुणाला तोंड दाखवायचं? पाच मिनिटांची पंधरा झाली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

भोंगा वाजला की त्या गल्लीत कुणी बसून राहत नसे. तिघं बाहेर आले तेव्हा मल्लम्मा स्वतःच्या घागरीकडं धावली होती, जाता जाता कुणाला तरी "बघा गं" असं ओरडून. पण कुणाला, ते तिलाही आता आठवेना.

निंबाखाली सावली होती. फक्त सावली.

पंचफुला निंबाच्या बुंध्यामागं धावली. रामकिशन जिथं काठवट होती तिथं उभा राहून खाली बघत होता. मातीत काठवटीच्या बुडाचा माग होता, आणि तो सरळ रेषेत पुढं गेला होता. घासत. बाकीच्या भांड्यांच्या मागांबरोबर.

तेव्हा त्याला बैल आठवले.

"लाइन!" तो ओरडला. "मामी, ती लाइन होती!"

निंबाखालची सावली म्हणजे टँकरच्या लाइनीचं शेपूट. सकाळपासून बाया तिथं भांडी मांडून जात. टँकर आला की जिच्या हाताशी येईल ती पुढचं भांडं पायानं, हातानं पुढं सरकवायची. भांडं कुणाचं, आत काय, हे बघायची रीत नव्हती. नंबर तेवढा मोडायचा नाही.

तो पळाला. मागं पंचफुला. आणि टँकरपासून सातव्या नंबरला, एका पितळी घागरीच्या मागं आणि रॉकेलच्या डब्याच्या पुढं, काठवट. आत गौतमी. शांत झोपलेली. पुढच्या बाईनं तोंडावर ऊन येऊ नये म्हणून हातातली परात आडवी धरली होती. मागची बाई काठवट पायानं नाही, वाकून दोन्ही हातांनी सरकवत होती. दोघी भांडत होत्या, पण दबक्या आवाजात.

"दोनच भांडी एका घराला. सोनकांबळ्याच्या घागरी तिकडं हायत दोन. हे तिसरं."

"आगं पण नंबर लागलाय ना त्याचा? मी निंबापासून सरकवून राहिले."

पंचफुलानं लेकराला उचलायला हात घातला, तशा चार-पाच जणी एकदम फिस्कारल्या: "उचलू नगं! नंबर जाईल!"

आणि पंचफुलानं, का कोण जाणे, उचललं नाही. ती काठवटीच्या कडेवर हात ठेवून उकिडवी बसली आणि लाइनीबरोबर सरकू लागली. पुढं सहावा नंबर. पाचवा. लाइनीतल्या बायांनी तिला हळू सरकायला शिकवलं.

टँकरवाला भुजंग नळी धरून उभा होता. तो मनमिळाऊ नव्हता. त्याचा एकच कायदा होता. काठवट समोर आली तशी त्यानं आत डोकावून बघितलं.

"हे काय?"

"लेकरू," रामकिशन म्हणाला.

"ते दिसून राहिलं. पाणी कशात घ्यायचं?"

"घ्यायचं न्हाई, ते चुकून..."

"न्हाई कसं?" मागची बाई म्हणाली. "अर्धी गल्ली वलांडून आलीय ती. माणूस न्हाई का ती? तिला तहान न्हाई?"

"दोन भांड्यांचा कायदा..." पुढचीनं सुरुवात केली आणि हातातली परात लेकरावर अजून तशीच धरलेली बघून स्वतःच थांबली.

भुजंगनं नळी बाजूला धरली. "लाइनीत भांडं आलं की भांड्याला पाणी. घागर आणा, न्हाई तर पुढचा नंबर."

सगळ्यांनी मागं बघितलं. भामाबाई गल्लीतून चालत येऊन राहिली होती, आणि तिचा चेहरा बघून बाया बाजूला झाल्या. तिनं काठवटीत बघितलं. गौतमीच्या नाकाशी बोट धरलं, कपाळाला हात लावला. मग ती वळली आणि घराकडं निघाली. रामकिशनला वाटलं, गाठोडं आणायला गेली. सव्वाचार झाले होते.

भामाबाई परत आली ती जवळजवळ धावत. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती, परवा ज्या दोन लवंडल्या त्यांतली एक.

"भर," ती भुजंगला म्हणाली. "माझ्या नातीचा नंबर हाय."

*

संध्याकाळी, भिंतीवरून विंचू उतरू नये म्हणून, बाकडं दोन भिंतींच्या कोपऱ्यातून हात-दीड हात पुढं घेतलं. त्यावर काठवट ठेवली आणि सुतळीनं चारी बाजूंनी आवळली. भामाबाईनं ती गदागदा हलवून बघितली, स्वतःचा कोपर टेकून बघितला. बाकड्याखाली चार वाट्या ठेवल्या आणि गौतमीच्या घागरीतलं पाणी त्यांत काठोकाठ भरलं. वर ओली फडकी घातली, म्हणजे ऊनही पिणार नाही आणि कोंबडीही. मल्लम्मा दारात उभी राहून सांगत होती, ही वाटी डावीकडं, ती उजवीकडं, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"घागर तीन दिवस पुरंल," भामाबाई म्हणाली. "चौथ्या दिवशी पुन्हा नंबर लावायचा. काठवटीत दगड ठिवून लावा, लेकरू न्हाई."

"हाव," रामकिशन म्हणाला.

"गाडी गेली माझी."

"हाव, मामी."

"उद्या साडेचारला हाय." तिनं मोहरीची उशी गाठोड्यावरून उचलली, थोपटली, आणि बाजेच्या उशाला स्वतःसाठी ठेवली. "एकलीच जाईन."

बाकड्याला लागून पंचफुलानं अंथरूण टाकलं. हात लांब केला. बोटं काठवटीच्या कडेला टेकली. ती रामकिशनकडं बघून हसली.

रामकिशननं वही उघडली. *जागा क्र. ८* लिहिलं, थांबला, आणि खोलीकडं पाहिलं. इथं बाकडं. इथं पंचफुला. तिथं बाज, बाजेवर सासू. उरलेल्या जमिनीवर एकमेकांना खेटून सतरा भांडी, आणि त्यांतली एक आता लेकीच्या नावाची घागर.

"मामी," तो म्हणाला, "आणि मी कुठं झोपू?"

भामाबाईनं मोहरीच्या उशीवर डोकं टेकलं.

"तुमची जागा तुमी बघा की," ती म्हणाली. "तुमचं तर कामच हाय ते."